डावऱ्या हाताचा चाकू

माझं नाव सुमन, पण ते रेशनकार्डावर. गावात मला डावरी बोलतात, आता तोंडावर बोलत नाय एवढंच. जलम माझा शहापूरकडचा, खर्डीच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या बाहेर आमची बौद्धवाडी. बापूस कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता, घाटातल्या रुळाखालची खडी सारखी करायचं काम, सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवस मावळता यायचा, नि आयस मजुरीला, भाताचं असो, गवताचं असो, मिळंल ते. आमी चार भावंडं, मी तिसरी, नि चौघांत मी एकटी डावरी. आता कुणी कुठल्या हातानं जलमाला यायचं हे काय कुणाच्या हातात असतं का, ताई? पण आयस बोलायची, हिचा हात चुकला. चार पोरांत एक चुकलं, तसं.

जेवताना डावा हात पुढं गेला की आयस उलथनं मारायची, भात उडायचा, मंग उडालेल्या भातासाठी आणखी एक. शाळेत मास्तर छडी मारायचे, मारून मारून त्यांनी मला उजव्या हातानं लिवायला लावलं, नि चौथीनंतर शाळाच सुटली, म्हणजे त्यांची मेहनत पाण्यात. जेवते मी उजव्यानं, लग्नाकार्यात कुणाला कळायचं नाय. पण विळा नि चाकू डाव्यातच. कापायचं म्हटलं की हात आपोआप जातो, त्याला मी काय करणार. बापूस एकटा कधी काय बोल्ला नाय. त्याच्या खिशात घडीचा चाकू असायचा, पातं मिटून मुठीत जातं तसला, दातवणाची काडी तासायची ती त्यानं, तो मला द्यायचा नि बोलायचा, तास गो बाय. मी तासायची, छान तासायची. तो चाकू बाजारातला साधा, दोन्ही बाजूंनी सारखा घासलेला, म्हणून तो मला चालायचा. हे आता सांगते मी, तेव्हा मला काय ठाव, मला वाटायचं चाकू तो चाकू, सगळे एकच.

लग्न होऊन मुरबाडकडं आले, सिद्धगडाच्या बाजूला, जंगल सुरू व्हायच्या जरा अलीकडं. माहेरी दारात रेल्वे, नि इकडं रेल्वेचं नाव नाय, यष्टी नायतर जीप. आमचे हे जीपच चालवायचे, मुरबाड ते कल्याण, जीप दुसऱ्याची, हे डायवर. घरात सासू, मोठे दीर, जाऊ. मंग प्रज्ञा झाली, माझी पोरगी. एकच झाली मला, नंतर काय झालं नाय. गोरी नाय, काळी नाय, डोळे मोठे, नि बडबडी, इतकी बडबडी की सासू बोलायची, हिच्या तोंडात कुणीतरी रेडिओ ठेवलाय. हे लिवून ठेवा, ताई. बडबडी होती.

त्या टायमाला सरकारनं फळबागेची योजना काढली, शेतात आंब्याची कलमं लावा, सरकार पैसा देतं. मंग काय, जो तो कलमं मागायला लागला, नि आमच्याकडं रस्त्याला एका मालकानं रोपवाटिका काढली. नाव नाय सांगत त्याचं, अजून तिथंच काम करते मी. आमी बायका पिशव्या भरायला जायचो, माती, शेणखत, पिशवी, माती, शेणखत, पिशवी, कमरेचा काटा ढिला. नि शेडमध्ये बाकावर बसायचे कलम बांधणारे, ते पुरुष, तळकोकणातून आणलेले. त्यांची मजुरी आमच्यासारखी रोजावर नाय, जेवढी कलमं जगतील तेवढ्याची. सावलीत बसून काम, नि वर मान. बांधणाऱ्याला मालक पण अहोजाहो करायचा, आमाला ए.

त्यांच्यात तात्या म्हणून एक म्हातारे होते, तेच मुख्य. मला बघायची सवय, पिशव्या आणून ठेवताना मी उभी राहायची नि त्यांचा हात बघायची. एक दिवस ते बोल्ले, काय बघतेस, करून बघ. मी बसले. करायचं काय, तर रायवळ आंब्याची कोय रुजते, तिचा कोवळा दांडा आडवा छाटायचा, मधे उभी चीर द्यायची, नि हापूसची नायतर केशरची काडी घेऊन तिला खालून दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, ती पाचर चिरेत बसवायची, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सगळी गोम त्या तासण्यात. दोन्ही काप सपाट पायजेत, काचेसारखे. कापावर चाकूची पाठ आडवी ठेवायची नि उजेडाकडं धरायचं, खालून उजेड दिसला की समजायचं, इथं फट राहणार, पाणी जाणार, काडी काळी पडून मरणार. महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत बसून शिकले, काड्या तात्याच तासून द्यायचे, मी उजेडाला धरून बघायची, बसवायची नि बांधायची, नि तात्यांनीच मालकाला सांगितलं, हिला बाकावर घ्या, हिला नजर आहे. बाकावर बसणारी मी पयली बाई. घरी आले ती काय उड्या मारत आले, यांना बोल्ले, आता मला पण अहो बोला. हे हसले, बोल्ले, बरं अहो, भाकर द्या.

बाकावर बसलं की मालक चाकू द्यायचा. घडीचाच, काळी मूठ, पातं बोटाएवढं, पण त्याची धार येगळी. एका अंगानं पातं अगदी सपाट, पाटीसारखं, नि दुसऱ्या अंगानं उतरतं घासलेलं. धार फक्त एका बाजूनं. सुताराची पटाशी बघितलीय का तुमी, तशी. तात्या बोलायचे, कलमाला हीच धार, आमच्या बापाची हीच होती, सपाट अंग लाकडाला लागून जातं म्हणून काप सपाट येतो. खरं बोलायचे ते, एक शब्द खोटा नाय. फक्त कुणाचं सपाट अंग नि कुणाच्या हातात, एवढं कुणी बोल्लं नाय.

माझा काप सपाट येईना. तीन काड्या टाकल्या की एक बरी निघायची, बाकी सगळ्या मधे खोलगट, चमचा काढल्यासारख्या. चाकू माझ्या हातात लाकडात शिरायचा नि आत बुडी मारून वर यायचा, सरळ जायचाच नाय. तशाच घाईनं बसवायची मी, पट्टी जरा जास्त आवळायची, वाटायचं दाबून बसंल. आमच्यात ज्याच्या त्याच्या रांगेला ज्याची त्याची चिंधी असायची, कुणाची पिवळी, कुणाची हिरवी, म्हणजे मोजताना कळायला. माझी लाल. महिन्याभरानं शेडमध्ये जाऊन बघा, सगळीकडं तांबूस कोवळी पालवी, नि लाल चिंध्यांच्या रांगेत काळ्या काड्या उभ्या. लांबून दिसायचं. मालकाला काय मोजायची पण गरज नाय पडली.

मी तात्यांना बोल्ले, चाकू बरोबर नाय, आत शिरतो. त्यांनी माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या उजव्या हातानं काडी तासली, सर्रकन, काप आरशासारखा. बोल्ले, चाकू सोन्यासारखा आहे गो. बाकीचे हसले, एकजण बोल्ला, नाचता येईना अंगण वाकडं. ते माझ्या नावाला कायमचं चिकटलं, कलम मेलं की कुणीतरी बोलणारच, अंगण वाकडं हाय का ग. आणि ताई, अंगण खरंच वाकडं होतं. पण मी बोलणार कशी, माझ्यासमोर चालवून दाखवला ना त्यांनी. तात्या मनानं चांगले, दुसऱ्या दिवशी माझा चाकू घरी नेऊन दगडावर लावून आणला, केस कापंल असा. झालं काय, जेवढी धार जास्त तेवढा तो आत जास्त शिरायला लागला. चांगुलपणानं केलं नि माझी आणखी वाट लागली.

मंग मी माझ्या डोक्यानं चाकू बदलायला लागले. मुरबाडच्या बाजारातून एक आणला, दोन्ही बाजूंनी धारेचा, जाड. तो सरळ जायचा, पण जाडीमुळं कोवळी काडी चेंगरायची, कापाची कड काळी पडायची. म्हसा गावच्या जत्रेत आणखी एक दिसला, पितळी मुठीचा, पातं दोन्हीकडून मधे पोखरून पातळ केलेलं, पोकळ धार बोलतात तिला, चकाचक, दुकानदारानं हातावरचे केस काढून दाखवले. तो घेतला, यांना चोरून घेतला. पयल्या दहा काड्या लोण्यासारख्या, मला वाटलं जिंकले मी, नि अकराव्या काडीला जरा गाठ लागली तर धार वळली, पान वळतं तशी. दगडावर लावली तर परत पाच काड्या. नि मालकानं बघितलं, तो बोल्ला, हे खेळणं घरी ठेव, इथं सगळ्यांना चालतो तो चाकू तुला चालत नसंल तर दोष चाकूचा नाय. उजव्या हातानं पण करून बघितलं मी. ही अंगठ्यावरची खूण बघताय ना, ती त्याची, हाडाला लागला होता.

दुसऱ्या मोसमात मला बाकावरून उठवलं. उठवलं त्याचं मला एवढं नाय, उठवताना मालक जे बोल्ला त्याचं हाय. तो बोल्ला, बाई, तुझा हात मेलेला हाय, तुझ्या हाताला काय जगत नाय. सगळ्यांच्या समोर बोल्ला. मी परत पिशव्यांवर, तर तिथल्या बायका माझी भरलेली पिशवी बाजूला ठेवायला लागल्या.

असलं बोलणं रोपवाटिकेच्या कुंपणात थोडंच राहतं, ते आमच्या आधी घरी पोचलं. भाताच्या आवणीला रोपाची पयली मूठ चिखलात रोवतात, त्या वर्षी मी रोपाची जुडी उचलली तर जाऊ बोल्ली, तू राहू दे, तू मागनं ये. जावेच्या पोराचं नाव ठेवायचं होतं, पाळण्याला मी हात लावला तर सासूनं माझ्या हाताला धरून मला चुलीकडं नेलं, बोल्ली, तू भाताचं बघ. गोड बोल्ली, ओरडली नाय. ओरडली असती तर मी भांडले असते. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, पण वडा कुठला नि वांगं कुठलं हे मला तरी कुठं ठाव होतं? आमच्या वाडीतल्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला मी बसायची, तिथं सांगायचे, शकुन-अपशकुन आपल्यात नाय, आपण ते सगळं मागं टाकलं. मी मान हलवायची. हलवायची नि घरी येऊन डावा हात पदराखाली घ्यायची. गावाचं मी काय सांगू तुमाला, मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

नि त्याच वर्षी प्रज्ञा पयलीला गेली. पाटी मांडीवर, पेन्सिल धरलीन, डाव्या हातात.

मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाय. मी बोल्ले, माझं झालं ते झालं, हिला मी मेल्या हाताची होऊ देणार नाय. आधी सांगून बघितलं, मंग चापट, मंग मी तिचा डावा हात बांधायला लागले. कशानं, तर कलमाच्या पट्टीनं. घरात पडलेल्या होत्या ना माझ्याकडं, प्लास्टिकच्या, लांब. मनगटाला दोन वेढे नि झग्याच्या मागच्या नाडीला गाठ. शाळेतून आली की बांधायची, जेवताना, लिवताना, निजेपर्यंत. ती पयल्यांदा रडायची, विचारायची, आई काय केलं मी? मी बोलायची, काय नाय केलंस, चांगला हात कर. यांनी एकदा बघितलं, जीप लावून आले होते दुपारचे, बोल्ले, सोड तिला, डावरी तर डावरी, तू हाय तशी हायस मला चालली ना. मी यांच्या अंगावर गेले. बोल्ले, तुमाला काय जातंय बोलायला, तुमचा हात कुणी पाळण्यावरनं काढलाय का? ते उठून जीपकडं गेले. त्यांनी तसं जायला नको होतं, पण ते मी आता बोलते.

वर्ष-दीड वर्ष चाललं ते. पोरगी उजव्या हातानं लिवायला लागली, मुंगीच्या पायांनी, पण लागली. नि तिची जीभ अडकायला लागली. आधी एखाद्या शब्दाला, मंग दर शब्दाला. आ-आ-आई. मला वाटलं चाळे करते. त्याच्यासाठी पण मारलं मी तिला, काय सांगू. हळूहळू ती बोलायचीच बंद झाली, मान हलवून काम भागवायची. बाई बोलावून सांगायच्या शाळेत, हिला उत्तर येतं हो, पण तोंडातनं निघेपर्यंत दुसरं पोर उभं राहतं, नि पेपर लिवून होत नाय, घंटा होते. डॉक्टरनं कल्याणला सांगितलं, असं हात बदलल्यानं पण होऊ शकतं, नि नाय पण, आमाला नक्की सांगता येत नाय. डॉक्टरला नक्की नाय सांगता येत, पण मला येतं. मी आई हाय, मी बघितलं कधी सुरू झालं ते.

असंच चाललं. ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. भावाकडं गेले होते शहापूरला, वयनीनं दोन विळ्या दिल्या धार लावायला, बाजारात एक चाचा बसायचा, पायानं फिरवायची सहाण, पुढं गोणपाट, त्यावर चाकू मांडलेले. माझ्या पिशवीत तो काळ्या मुठीचा चाकू होता, मालकानं परत मागितलाच नव्हता, मी तो भाजीला वापरायची नि भाजी पण वाकडी कापायची. बोल्ले, ह्याला पण लाव. चाचानं पातं उघडलं, बोटानं चाचपलं, नि माझ्याकडं न बघता विचारलं, कुठल्या हातानं चालवता?

ताई, एवढ्या वर्षात मला कुणी हे विचारलं नव्हतं. आयसनं नाय, मास्तरनं नाय, तात्यांनी नाय. मी बोल्ले, डावा. बोलताना पण मी हात लपवला. तो बोल्ला, तो फिर ये आपका चाकूच नहीं है. नि गोणपाटावरचे चाकू एकेक उचलून मला सांगायला लागला, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. हा बघा, ह्याच्या पात्याला दोन्हीकडनं पोट हाय, हा बांबू चिरायला, लाकूड फोडायला, धार तुटत नाय पण बारीक काम होत नाय. हा दोन्हीकडनं सपाट उतरता, घरात फळ कापा, भाजी कापा. हा पोकळ, हा कातडं काढायला नि गिऱ्हाईकाला दाखवायला, लाकडाला लावला की गेला. ह्या तिघांना हात नसतो, कुणीपण चालवा. नि हा चौथा, एका अंगाची धार, चांभाराची रापी असते तशी, ह्याला हात असतो. उजव्याचा येगळा, डाव्याचा येगळा. सपाट अंग कामाकडं पायजे, तुमच्या हातात ते उलटं जातं, उतरतं अंग लाकडाला लागतं, मंग तो खड्डाच करणार, दुसरं काय करणार. कल्याणचा एक डावरा चांभार रापी घेऊन यायचा त्याच्याकडं, मुद्दाम उलटी घासून न्यायला. सगळे धारवाले करतात, बोल्ला, सांगावं लागतं फक्त.

सांगावं लागतं फक्त. मी त्याच्या गोणपाटासमोर बसले नि बोल्ले, मंग हा पण उलटा घासून द्या. त्यानं तो चाकू सहाणेवर धरला, उतरती बाजू घासून सपाट केली, नि सपाट बाजूला उतार दिला, पातं थोडं बारीक झालं, अर्धा तास पण नाय लागला. बाजारात निंबाची काडी मिळाली, मी तिथंच तासली. सर्रकन गेला. पाठ आडवी ठेवून उजेडाकडं धरलं, खालून उजेड नाय. दुसरी तासली, तिसरी तासली, चाचा बोल्ला बस करो दीदी, नि मी तिथं भर बाजारात रडले. त्याला वाटलं आनंदानं रडते. मला पोरगी दिसत होती, मागं हात बांधलेली.

परत आल्यावर मी चाकू घेऊन मालकाकडं गेले. तात्या तोपर्यंत गावाला निघून गेले होते, नंतर वारले असं ऐकलं, त्यांना काय सांगायचं राहूनच गेलं. मालकासमोर दहा काड्या तासल्या, दहाच्या दहा उजेडाला धरून दाखवल्या. चाकूचं सगळं सांगितलं, असं असं होतं. त्यानं ऐकलं, पातं उलटं-पालटं करून बघितलं नि बोल्ला, अस्सं होय. नि बोल्ला, पाऊस लागला की ये बाकावर. बस. मेलेला हात बोल्लेला तो, ते त्याला आठवत पण नसंल. मला रोज आठवतं. नि तो बोल्ला म्हणून मी काय काय केलं ते त्याच्या गावी पण नाय.

माझी कलमं जगायला लागली. लाल चिंधी घेतलीच नाय मी परत, पांढरी घेतली. शंभरातली नव्वदच्या वर जगतात माझी, तळकोकणवाले पण बघायला येतात. नि गावाची गंमत ऐका, आता त्याच बायका बोलतात, डावरीच्या हाताला गुण आला, एकवीरेला जाऊन आली असंल. आवणीला मला पुढं बोलावतात, पयली मूठ तू लाव. मी सांगत बसते, अगो चाकू उलटा होता, हात तोच हाय. त्यांना ते पटत नाय. गुण आला हे पटतं, नि हात मेला हे पटलं होतं, पण लोखंड उलटं घासलं होतं हे काय डोक्यात जात नाय. मी आता सांगायचं सोडलंय. जाते, मूठ लावते नि येते.

प्रज्ञा धावीला बसली, गेली दोन विषयांत. परत बसली, परत गेली. मंग बोल्ली, म्हणजे खुणेनं बोल्ली, नको. एमआयडीसीत पॅकिंगला गेली काय दिवस, तिथं पोरी नक्कल करायच्या तिची, ते पण सोडलं. गेल्या पावसाळ्यात मी मालकाला विचारलं, पोरीला बाकावर घेऊ का. तो हो बोल्ला. मी शहापूरला गेले, चाचा काय आता बसत नाय, त्याचा मुलगा बसतो, त्याच्याकडनं मुद्दाम एक चाकू करून आणला, नवीन, एका अंगाची धार, डाव्या हाताची. मला काय वाटलं माहिताय, मला वाटलं हिला हा देईन, हिच्या हातात तो बरोबर बसंल, नि जे झालं ते थोडं तरी भरून निघंल. वेडी हाय मी.

शेडमध्ये बसवलं तिला. चाकू उघडून तिच्या डाव्या हातात दिला, बोटं मी माझ्या हातांनी बसवली मुठीवर. काडी दिली. ती बघत राहिली त्या हाताकडं, दुसऱ्याचा हात असल्यासारखी. तासायला गेली तर काडी निसटली, परत घेतली, परत निसटली. अठरा वर्षांची पोरगी, नि दीड वर्षाच्या पोरासारखा हात. मी बोल्ले, होईल, सवय होईल, मी शिकवते. तिनं चाकू मिटला. माझ्या मांडीवर ठेवला. नि बोल्ली, खूप टाइम लागला तिला बोलायला, एकेक शब्द ओढून काढत होती, पण पूर्ण बोल्ली. बोल्ली, आई, ह्या हाताला आता काय शिकवू नको. एकदा शिकवलंस.

उठली, मालकाच्या डब्यातनं काळ्या मुठीचा चाकू घेतलान, सगळ्यांचा असतो तो, उजव्याचा, नि बसली माझ्या बाजूला.

आता रोज बसतो आमी, माय-लेकी एका बाकावर. मी डावी, ती उजवी, कोपराला कोपर लागतं, मंग ती जरा सरकून बसते. बोलत नाय, पट्टी पायजे असली की हात पुढं करते, मी पट्टी देते. तीच पट्टी देताना माझं काय होतं ते माझं मला ठाव. तिची चिंधी निळी हाय. पयल्याच मोसमात तिची माझ्यापेक्षा जास्त जगली, मालक बोल्ला, पोरीचा हात चांगला हाय, अगदी सरळ हाय. ती माझ्याकडं बघत नव्हती तेव्हा, मीच तिच्याकडं बघत होते. माझ्यावर राग धरला तरी चालंल, धरावाच तिनं. तिची कलमं तेवढी जगू देत, ताई, सगळीच्या सगळी जगू देत.